एकशे अकरा वेळा हो

"काकी, दोनशे सत्त्याऐंशी!"

तेजल दारातूनच ओरडली आणि माझ्या हातातलं आधार कार्ड झेरॉक्सच्या मशीनमध्ये तिरकं गेलं. दुकानात तेव्हा सहा बायका बसल्या होत्या. त्यांना वाटलं, कुठल्या तरी योजनेचे पैसे आले. सगळ्या एकदम पदर सावरून उठल्या.

"बसा गं," मी म्हटलं. "पैसे नाहीत, मतं आहेत."

त्या बसल्या. मतांसाठी उभं राहायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेजलने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. 'आपलं उंबरसाल' हा गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्या वर्षी ग्रुपवर मत द्यायची सोय नवी नवी आली होती, आणि पोरांनी सवाल टाकला होता : खताच्या जुन्या गोदामाची अभ्यासिका व्हावी का? हो, दोनशे सत्त्याऐंशी. नाही, चार.

"ते चार कोण?" मी विचारलं.

"दोघांचं बोट चुकलंय, फोन करून सांगितलं त्यांनी. एक सूरजदादाचा मेहुणा, तो मुद्दाम करतो. आणि एक माझे पप्पा."

एवढं बोलून ती हसत सुटली, पण त्या चौथ्या 'नाही'तच सगळी गोष्ट होती.

तेजल बाळू सुताराची मुलगी. वय तेवीस. स्पर्धा परीक्षेचा एक प्रयत्न अकरा मार्कांनी हुकलेला. घर दोन खोल्यांचं, आणि ओसरीवर लाकूड कापायचं मशीन सकाळी सातला सुरू झालं की दिवेलागणीपर्यंत घरात स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून ती आणि आणखी सहा पोरंपोरी पंचायतीच्या रिकाम्या गोदामात सतरंज्या टाकून अभ्यास करायची. दोन वर्षं बसून त्यांच्या पुस्तकांना युरियाचा वास लागला होता. आता सरपंच दिनकर आबांनी तिथं गाळे काढायचं मनावर घेतलं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार होता. बाळू सुताराने मुलीला सरळ सांगितलं होतं, "गोदाम हाय तवर अभ्यास कर. ते गेलं की मी पाहुणे बोलावतो." माणूस दुष्ट नव्हता. त्याचा हिशेब लाकडासारखा होता. जेवढं मापात बसेल तेवढंच ठेवायचं.

"काकी, बायका बघा किती आहेत," तेजल यादी वर सरकवत म्हणाली. "मला वाटलं होतं बायका मतच देणार नाहीत. उगीच नावं ठेवत होतो आपण."

मी आधार कार्ड मशीनमधून ओढून काढलं आणि म्हटलं, "हो ना."

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. माझी शाळा नववीत सुटली. कॉम्प्युटर मी नवऱ्याने जुन्या बाजारातून आणलेल्या एका डबड्यावर शिकले, चुकत चुकत, आणि कुठलं बटण दाबल्यावर काय बिघडतं हे पाठ करत. मग ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. चार वर्षांत असं झालं की गावातल्या बाईचा फोन तिच्या हातात कमी आणि माझ्या हातात जास्त. अर्ध्या गावाचे पासवर्ड मला तोंडपाठ होते. ज्यांचे नव्हते त्यांचे मीच ठेवलेले होते.

आणि तो आठवडा केवायसीचा होता. योजना बंद पडेल या धाकाने गाव माझ्या बाकड्यावर येऊन बसलेलं. त्यात ग्रुपवरचा हा सवाल.

"हेमे, हे काय टुंगटुंग वाजतंय बघ गं सारखं," शालनआक्का म्हणाली होती. पासष्टीची बाई, तोंडाने फटकळ.

"ग्रुपवर मत मागितलंय आक्का. गोदामाची अभ्यासिका करायची का म्हणून."

"मग?"

"हो का नाही, ते सांगायचं."

"ते राहू दे. माझा ओटीपी आला का बघ."

ओटीपी आला. तो मी टाकला, आणि जाता जाता 'हो'वर बोट ठेवलं. पोरीचं भलं होतंय, आक्काचं काही जात नाही, आणि माझा वेळ पापणी लवण्याएवढा. पुढची बाई आली. तिला मी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या पुढचीला विचारायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटाला वळण पडलं होतं. ओटीपी, हो. ओटीपी, हो.

दुसऱ्या दिवशी खुद्द दिनकर आबा आले. मुलाने पुण्याहून नवा फोन पाठवला होता. तो त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता.

"सूनबाई, ते पोरांचं काय आलंय, त्यात माझंबी हो टाक."

"आबा, तुम्हाला तर तिथं गाळे काढायचेत ना?"

"हो म्हणायला काय लागतंय? पोरं खूश होत्यात."

मी हसले आणि त्यांचंही 'हो' टाकलं. मग ते पंधरा-वीस मिनिटं बाकड्यावर बसून माझं बोट कुठं कुठं जातंय ते बघत राहिले. मला वाटलं, म्हातारपणी फोन शिकतायत. कौतुक वाटलं.

आबांचं धरून एकशे अकरा. आकडा मला पक्का आठवतो, कारण तेव्हा मी तो मनातल्या मनात पुण्यकर्मात धरला होता.

चोवीस तारखेला तेजल पुन्हा दुकानात आली. ग्रुपचा प्रमुख सूरज पुण्याहून फोनवर होता आणि तिने आवाज मोठा केला होता.

"दारोदार फिरायची गरजच नाही तेजू," सूरज सांगत होता. "आकडे आपल्याकडे आहेत. मी मस्त पोस्टर बनवतो. दोनशे सत्त्याऐंशी विरुद्ध चार. आबा बघूनच गार पडतील. आणि सभा लाईव्ह कर, आम्ही इथून जोर लावतो."

तिने फोन ठेवला. समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"काकी, तरी बायकांच्या घरी एकदा जाऊन यायचं का? तुम्ही सोबत आलात तर ऐकतील त्या." तिने पुन्हा यादी उघडली. "हे बघा ना, शालनआक्का! मी दिसले की तोंड फिरवते. पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय म्हणते. तिनंसुद्धा हो म्हटलंय. मला रडायला आलं हो हे बघून."

आता मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्या पोरीचा चेहरा असा दिसत होता की जणू आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव तिच्याकडे बघून हसलंय. ते हसू माझ्या एका बोटाचं होतं, हे कसं सांगायचं?

"केवायसीची गर्दी आहे गं," मी म्हटलं. "आणि मत दिलंय म्हटल्यावर येतीलच की."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली, जिलेबी वाटली. जिलेबी संपली तसा गावाचा उत्साहही संपला. अकरा वाजता पंचायतीच्या सभागृहात माणसं मोजली तर एक्केचाळीस. त्यातली सतरा आबांची. ती प्रत्येक सभेला असतातच, सभागृहातल्या पंख्यांसारखी. ग्रामसेवक कदम भाऊसाहेबांनी वही उघडली, घड्याळ बघितलं, परत वही मिटली.

"गणपूर्तीला शंभर लागतात," ते म्हणाले.

तेजलने फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. त्यावर लाल बदाम वर वर उडत होते. फोनमधून सूरजचा आवाज आला, "भाऊसाहेब, चौऱ्याऐंशी जण लाईव्ह बघतायत. धरा की त्यांना!"

"सही कुठं घेऊ त्यांची? काचेवर?"

सभागृह हसलं. तेजल उभी राहिली. कान लाल झाले होते, पण आवाज ठाम.

"माणसं आली नसतील, पण गावाचं मत नोंदलेलं आहे. ही बघा नावं. शेवंता मोरे, हो. कौसल्या वाघ, हो. शालन पवार, हो—"

"कोण? मी?"

शालनआक्का मागच्या रांगेत होती. अभ्यासिकेसाठी नाही, नळाला पाणी येत नाही म्हणून भांडायला आली होती.

"हो आक्का, तुम्ही. हे तुमचं नाव, हा तुमचा फोटो."

"फोटो महादेवाचा हाय, म्हंजी माझाच. पर म्या कवा म्हणलं हो?"

हसण्याची लाट आली. तेजल गडबडली. तिने यादीकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि मग आधारासाठी माझ्याकडे बघितलं. मी फरशीवरच्या रेघा मोजत होते. बावीस होत्या.

"असू दे, असू दे," आबा मायेने म्हणाले. "आक्काचं वय झालं. विसरल्या असतील."

"मी न्हाय विसरत दिनकर! तुझ्या लग्नातला भात कच्चा होता, ते अजून ध्यानात हाय माझ्या."

"बरं. मग यंत्राची चूक असंल. मी तर स्वतः हो म्हटलंय, पोरांनी बघितलं असंल. पर माझ्या एकट्याच्या हो-नं काय होतंय? कायदा हाय." आणि ते माझ्याकडे बघून मंद हसले.

भाऊसाहेबांनी सभा तहकूब केली. पुढची सभा गुरुवारी सकाळी दहाला.

"मग गुरुवारी आम्ही शंभर आणतो," तेजल म्हणाली.

"आणा की. पण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दहा जण आले तरी हात वर करून ठराव होतो."

हे आबांच्या सतराही जणांना माहीत होतं. दोनशे सत्त्याऐंशी जणांत आबा सोडले तर कुणालाच नव्हतं.

मी घाईने बाहेर पडले, तर आबा पायरीवर उभे.

"घाबरू नको सूनबाई. मी कुणाला सांगत न्हाय."

"काय सांगत नाही?" मी उगीचच विचारलं.

"काल महिला ग्रामसभा झाली. तू आलीवतीस?"

"नाही. परशा शिपाई दुकानात वही घेऊन आला. मी सही केली."

"साठ सह्या झाल्या. सभागृहात एक बाई न्हवती. बायकांना कामधाम असतं, त्यांना कशाला तरास?" त्यांनी जिलेबीची पुडी माझ्या हातात ठेवली. "माझी वही फिरते, तुझं बोट फिरतं. आपण दोघंच गावाला जपतोय बघ."

पुडी घेऊन मी गोदामाकडे गेले. वाटेत दोनदा परत फिरले. तेजल एकटीच सतरंजीवर बसली होती, पुस्तक मिटून.

"सूरजदादा म्हणतोय ॲपमध्येच गडबड आहे," ती म्हणाली. "मी कंपनीला मेल करणार आहे."

"करू नको. कंपनी मीच आहे."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. ओटीपी, बोट, सगळं. आबांचंही सांगितलं. पूर्ण ऐकून ती म्हणाली, "किती?"

"एकशे अकरा."

तिने पुस्तकाच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. "पुण्या-मुंबईची मंडळी एकशे चाळीस. तुमची एकशे अकरा. म्हणजे खरी गावातली छत्तीस." पेन ठेवलं. "आणि मी काल रात्रभर भाषण पाठ करत होते. 'माझ्या गावच्या मायमाउल्यांनी' असं सुरू होणार होतं ते."

"मी तुझ्यासाठीच—"

"माहीत आहे काकी. म्हणून तर ओरडतासुद्धा येत नाहीये." डोळे पुसून ती म्हणाली, "मला परीक्षेला एवढा राग कुणाचाच येणार नाही, जेवढा शेजारी बसून माझ्या पेपरवर स्वतःची उत्तरं लिहिणाऱ्याचा येईल. ती बरोबर असली तरी."

मी पुडी खाली ठेवली. ती उठली.

"चला. चार दिवस आहेत. एकशे दहा घरं. आबांचं सोडून."

"काय सांगायचं?"

"मी नाही, तुम्ही सांगायचं. मी नुसती उभी राहणार."

दुकानाला कुलूप लावून मी चार दिवस माफी मागत फिरले. "तुझ्या फोनवरून मी मत दिलं होतं गं. तुला न विचारता." मला वाटलं होतं, बायका भडकतील. शेवंता म्हणाली, "मग काय झालं? तू दिलंस म्हंजी बरोबरच असंल." कौसल्या म्हणाली, "पुढच्या बारीलाबी तूच दे बाई, मला चष्मा लागतो." एकीने तर चहा ठेवला, कारण तिला वाटलं मत दिल्याबद्दल काहीतरी मिळणार आहे आणि तेच सांगायला मी आलेय. एकशे दहा घरांत एकीलाही राग आला नाही. शिव्या खायच्या तयारीने गेलेल्या माणसाला चहा मिळाला की कसं वाटतं, ते मला त्या चार दिवसांत कळलं.

तेजल प्रत्येक दारात एवढंच म्हणायची, "गुरुवारी दहाला या. पटलं तर हो, नाहीतर नाही." शालनआक्काच्या दारात मात्र ती म्हणाली, "आक्का, तुम्ही नाही म्हणायलाच या."

गुरुवारी एकोणीस बायका आल्या. आबांनी त्यांना दारात बघितलं आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की लग्नाला तोंडदेखली बोलावलेली माणसं खरंच आली तर यजमानाच्या चेहऱ्यावर यावं. खुर्च्या नव्हत्या. बायका जाजमावर बसल्या, मी त्यांच्या मधोमध. आबांची नेहमीची माणसं, तेजलसकट सात पोरं, दाराशी हाताची घडी घालून बाळू सुतार, आणि आम्ही.

भाऊसाहेबांनी विषय वाचला. "गोदामाची अभ्यासिका व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

एकोणीस चेहरे माझ्याकडे वळले.

आता माझा हात वर जाणं एवढंच बाकी होतं. तो गेला की एकोणीस हात जाणार, आणि तेजल जिंकणार. हात मांडीवरून उचललाही होता.

"थांबा भाऊसाहेब," तेजल म्हणाली. "काकी, तुम्ही बाहेर जाता?"

"मी?"

"पायरीवर बसा. प्लीज."

"अगं पोरी," आबा म्हणाले, "तुझंच एक मत कमी हुईल."

"होऊ दे."

बाळू सुताराने मला वाट करून दिली. माझ्यामागे दार लागलं नाही, नुसतं लोटलं गेलं. पायरीवर बसून आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी नुसती कुजबुज. मग शालनआक्का, "हिला का भाईर काढली? आता आमी कुणाकडं बघायचं?"

"कुणाकडंच नका बघू आक्का. विचारा मला काय विचारायचंय ते."

"विचारू? मग सांग, पोरी अंधार पडेस्तोवर बसणार, राखण कोण करणार?"

तेजल सांगू लागली. अडखळली, पुन्हा सांगू लागली. मग शेवंताने विचारलं, गाळे झाले तर माझ्या सुनेला एक मिळेल का. ते आबांनी सांगायचं होतं. आबा म्हणाले, बघू. शेवंता म्हणाली, बघू म्हंजी? मग कौसल्याचा आवाज, तिथं नुसती परीक्षेचीच पुस्तकं का, आम्हाला बसून वाचायला काही नाही का? कौसल्याला वाचता येतं हे मला माहीतच नव्हतं. तिचे सगळे फॉर्म मीच भरत होते.

तास उलटून गेला. आबांच्या माणसांपैकी एक जण म्हशीचं दूध काढायचं राहिलं म्हणून निघून गेला.

मग हात मोजले. अभ्यासिकेला पोरांचे सात आणि बायकांचे दहा. सतरा. गाळ्यांना आबांचे सोळा आणि आबांच्या भावजयीचा एक. सतरा. उरलेल्या आठ जणींनी कुठंच हात वर केला नाही. त्यांत शालनआक्का. "मला अजून पुरतं पटलं न्हाय," ती म्हणत होती. "घरी जाऊन इचार करते." बाळू सुताराच्या हाताची घडी सुटली होती, पण हात वर गेला नव्हता.

समान मतं पडली तर अध्यक्षाचं मत. आबांनी जाजमावरून नजर फिरवली. शिकलेले नाहीत, पण आबांएवढी माणसं मोजता येणारा माणूस मी तालुक्यात बघितला नाही. समोर बसलेल्या एकोणीस बायकांनी तासभर प्रश्न विचारले होते, आणि पंचायतीची निवडणूक दहा महिन्यांवर होती.

"पोरांच्या भविष्याआड मी येणार न्हाय," आबा म्हणाले. "अभ्यासिका."

टाळ्या पडल्या. सर्वात जास्त आबांच्या सोळा जणांनी वाजवल्या.

आज तिथं पाटी आहे : 'सरपंच दिनकर आबांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेली अभ्यासिका.' फोटो पाटीच्या अर्ध्यात आहे. तेजल त्या वर्षीही पास झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. आता दुसऱ्या जिल्ह्यात असते. पाहुण्यांचा विषय बाळू सुताराने त्या गुरुवारनंतर काढला नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

पण त्या दिवशी पायरीवर मला हे काही माहीत नव्हतं. मला नुसता आकडा माहीत होता. तेजल बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"सतरा-सतरा," मी म्हटलं. "मी आत असते तर अठरा झाले असते. आबांच्या उपकाराची गरज पडली नसती. तुमचं झालं असतं ते."

"मोजताना माझ्याही लक्षात आलं," ती म्हणाली. आत बायका अजून शेवंताच्या सुनेच्या गाळ्यावरून भांडत होत्या, एकमेकींचं बोलणं तोडत, मोठमोठ्याने. तेजल थोडा वेळ ते ऐकत राहिली.

"तुम्ही आत असता तर सत्तावीस झाले असते काकी," ती म्हणाली. "आणि ते तुमचं झालं असतं."

एवढ्यात कौसल्या बाहेर आली, चप्पल शोधत. तिने पिशवीतून फोन काढला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. ती बघत राहिली, मग फोन डोळ्यांपासून लांब नेत म्हणाली, "बरं, निदान कुठं दाबायचं ते तर सांगशील?"